चलान २४०, गेट २३३: आरएफआयडी गेटची मोजणी रोज का चुकते

भिवंडीच्या एका गोदामातून सकाळी साडेदहाला फोन आला. चलानवर २४० खोकी, आरएफआयडी गेटने, म्हणजे खोक्यांवरचे टॅग रेडिओ लहरींनी वाचणाऱ्या अँटेनांच्या दाराने, मोजली २३३. सुपरवायझरने गाडी थांबवून सगळा माल खाली घेतला, हाताने मोजला. बरोबर २४० भरला. पुन्हा गेटमधून नेला, तर या वेळी आकडा आला २४६. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, माथाडी टोळीचा मुकादम विचारतोय की दुसऱ्यांदा उचलल्याची मजुरी कोण देणार, आणि सुपरवायझर दादा मला फोनवर एवढंच सांगतायत, "सर, पॉवर वाढवा ना जरा."

आकडा जास्त आला की हेच दादा पॉवर कमी करायला सांगतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही, या धंद्यातली पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. रीडरच्या, म्हणजे अँटेना चालवून टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये पॉवरची पट्टी समोरच असते, सरकवायला दहा सेकंद पुरतात, आणि लगेच काहीतरी फरक दिसतो. पण कमी वाचणं आणि जास्त वाचणं हे दोन वेगळे आजार आहेत. एकाच गेटला एकाच दिवशी दोन्ही होऊ शकतात, आणि तेव्हा एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

आधी थोडं यंत्राबद्दल. गोदामात लेबलात बसवून खोक्यावर चिकटवतो त्या टॅगला बॅटरी नसते. अँटेनातून येणाऱ्या लहरींवरच त्याची चिप जागी होते आणि त्याच लहरी थोड्या बदलून परत फेकते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. टोलनाक्यावर एका वेळी एक गाडी, एक टॅग, तोही काचेमागे अँटेनाकडे तोंड करून. तरीही कधीतरी तिथला पोरगा हातातलं मशीन घेऊन धावत येतोच. आपल्या गेटमधून एका पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या फळीवर, तीस-चाळीस टॅग एकदम जातात. त्यातले काही आतल्या बाजूला, काही उलटे, काही तेलाच्या डब्याला टेकलेले.

आता पॉवरचा हिशोब. मोकळ्या हवेत पॉवर दुप्पट केली तर टॅग जागा होण्याचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतं. म्हणजे जिथे आडवं काहीच नाही तिथे गेटचा हात लांब जातो, शेजारच्या डॉकवर, म्हणजे गाडी लागते त्या फलाटावर, ठेवलेल्या मालापर्यंत. पण पॅलेटच्या पोटात, पाण्याच्या बाटल्यांमागे दडलेल्या टॅगपर्यंत दुप्पट पॉवरही बहुधा पोचत नाही. थोडक्यात, पॉवर वाढवून नको ते टॅग आधी मिळतात आणि हवे ते शेवटी. वर कायद्याची मर्यादा आहेच. भारतात या कामाला ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा विनापरवाना मोकळा आहे, तो आधी ८६७ पर्यंत होता आणि २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत गेला. त्यात ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम. पट्टी त्यापुढे सरकते म्हणून सरकवायची नसते.

तर पट्टीला हात लावू नका. पहिले तीन दिवस फक्त यादी करा. किती खोकी चुकली हा आकडा फारसा कामाचा नाही, कोणती चुकली ते लिहा. टॅगचा नंबर, आत माल काय, पॅलेटवर कितव्या थरात, लेबल कुठल्या बाजूला, वेळ. आमच्या दादांना हे काम म्हणजे शिक्षा वाटली. पण तीन दिवसांनी कागद समोर ठेवला तर चुकलेली खोकी गठ्ठ्यागठ्ठ्यांत पडली होती, आणि प्रत्येक गठ्ठ्याचं कारण वेगळं निघालं.

काही टॅग प्रत्येक वेळी चुकतात. असं खोकं बाजूला काढा, हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा रीडर, अगदी जवळ नेऊन पाहा. तरीही बोलत नसेल तर टॅग मेलेला आहे. लेबल नेमकं चिपवर दुमडलेलं असतं, कुणीतरी त्यावरून स्टेपलर मारलेला असतो, किंवा कोरड्या हवेत स्थिर विजेने चिप गेलेली असते. हा सोपा प्रकार.

फसवा प्रकार पुढचा आहे. हँडहेल्डवर खोकं छान बोलतं, गेटवर मात्र एक कमी येतो तो येतोच. अशा वेळी दोन खोक्यांवर एकच नंबर लिहिलेला असण्याची शक्यता पहिली धरा. रीडर नंबर मोजतो, खोकी नाही. एकच नंबर दोन टॅगनी सांगितला तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते एकच खोकं. त्या गोदामात लेबल प्रिंटरची रिबन मध्येच तुटायची, ऑपरेटर शेवटची दहा लेबलं पुन्हा छापायचा, आणि आधी निघालेल्या दहातली चांगली दिसणारी दोन-चार फेकायला जीव होत नाही म्हणून तीही वापरायचा. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की वरची छपाई आणि आतला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायचं कसं? चिपमध्ये आपण लिहितो त्या ईपीसी नंबरखेरीज कारखान्यातून आलेला टीआयडी नावाचा वेगळा नंबर असतो, तो बदलता येत नाही. संशयित खोक्यांचे दोन्ही नंबर वाचा. ईपीसी एक आणि टीआयडी दोन दिसले की चोर सापडला. उपाय म्हणजे पुन्हा छापताना जुना नंबर सॉफ्टवेअरने रद्द करून नवा द्यायचा, आणि प्रिंटरशेजारी खराब लेबलं तिथल्या तिथे फाडून टाकायची. नुसती टाकायची नाहीत, चिपवरून कातरी चालवायची. कारण पुढे येईल.

दुसरा गठ्ठा मालाप्रमाणे पडतो. आमच्या यादीत शर्टांची खोकी जवळपास नव्हतीच. होते ते केसांच्या तेलाचे पत्र्याचे डबे, शाम्पूच्या बाटल्या आणि चांदीच्या कागदातली पाकिटं. गेटच्या या यूएचएफ लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परतवतो. धातूला चिकटलेला टॅग तर आपला सूरच हरवून बसतो, कारण त्याची छोटी अँटेना हवेत काम करायला बेतलेली असते. हे दुखणं नवीन नाही. अमेरिकेत वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर आणि पॅलेटवर असे टॅग लावायला सांगितलं, तेव्हा तिथल्या मंडळींनाही द्रव आणि धातूच्या मालानेच रडवलं.

उपाय महागच असतो असं नाही. खोकं उघडा आणि आत हवा कुठे आहे ते बघा. बाटल्यांच्या खोक्यात मानेजवळ, वरच्या तीन-चार बोटांत पोकळी असते. लेबल त्या पट्ट्यात लावा, पोटावर नको. एवढ्यानेच शाम्पू बोलायला लागला. पत्र्याच्या डब्यांच्या खोक्यात अशी जागा मिळाली नाही, तेव्हा लेबलखाली फोमची पातळ पट्टी घातली. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण एकदा गेलेलं खोकं परत येत नाही, त्यावर तो खर्च परवडत नाही. जिथे वस्तू फिरून परत येते, म्हणजे चाकणच्या कारखान्यांत सुट्या भागांच्या लोखंडी ट्रॉल्या आणि पेट्या असतात तशी, तिथे तोच टॅग रिव्हेट मारून बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. तिथे स्वस्त कागदी लेबल लावणं हा खरा तोटा.

तिसरा गठ्ठा मी ओळखला नाही, मुकादमाने ओळखला. यादीवर नजर टाकून म्हणाला, "साहेब, ही सगळी मधली खोकी. आम्ही पॅलेट बांधताना एक आडवं, एक उभं घालतो. नाहीतर थप्पी ढासळते. मधल्याचं लेबल आत जातं." मी पाच महिने त्या गेटवर येत होतो. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

थप्पीची रचना बदलायला मुकादम तयार नव्हता आणि त्याचं बरोबरच होतं, खोकी अंगावर पडली तर तिथे उभी त्याची माणसं असतात. मग लेबलाची जागा बदलली. रुंद बाजूऐवजी अरुंद बाजूला, कोपऱ्याजवळ. त्यांच्या बांधणीत तीच बाजू जास्त वेळा बाहेर येते. पॅलेट रचताना लेबल आत गेलं तर खोकं फिरवायचं, एवढंच त्यांना सांगितलं. आणखी एक गोष्ट: लांबट टॅग त्याच्या टोकांच्या दिशेने जवळपास आंधळा असतो. सरळ ध्रुवणाची, म्हणजे एकाच दिशेत डोलणारी लहर सोडणारी, अँटेना असेल आणि टॅग तिला आडवा पडला तर तो ऐकतच नाही. वर्तुळाकार ध्रुवणाच्या अँटेनात साधारण निम्मी ताकद वाया जाते, पण टॅग उभा की आडवा याची ती पर्वा करत नाही. मिश्र मालाच्या गेटवर मी डोळे झाकून तीच लावतो.

जागेवरून आठवलं. गेटमध्ये पॅलेट मधोमध उभं करून "आता वाच" म्हणणारे बरेच भेटतात. तसं करू नका. फरशीवरून, शटरवरून, ट्रकच्या पत्र्यावरून लहरी परततात, आणि काही जागी सरळ आलेली लहर आणि परतलेली लहर एकमेकींना मारतात. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर, त्यामुळे अशा मुक्या जागा साधारण वीतभर अंतरावरही सापडू शकतात. नेमका तिथे टॅग थांबला तर तो थांबलेला असेपर्यंत गप्प. हँडट्रक हळू पण न थांबता गेला की तोच टॅग चार ठिकाणी बोलतो.

आता ज्या चुकांना कसलाच नमुना नसतो त्या. आज हे, उद्या ते. अशा वेळी माल सोडा, वायर बघा. प्रत्येक अँटेनाने वेगवेगळे किती टॅग वाचले ते रीडर सांगतो, पण तो तक्ता कुणी उघडत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष एकूण आकड्यावर. आमच्या गेटला चार अँटेना. तिसरीच्या पुढे शून्य. मागचे दिवस काढत गेलो, शून्य, शून्य, आणि मग जवळपास दोन महिन्यांपूर्वी चांगले आकडे. फोर्कलिफ्टने खांबाच्या पायाशी केबल चेपली होती. त्या आठवड्यात मोजणी ढासळली, कुणीतरी फोन केला, आणि आमच्याच ऑफिसमधून कुणीतरी पॉवर वाढवून दिली. बाकीच्या तीन अँटेना ओरडून बोलायला लागल्या, आकडा बऱ्यापैकी जमला, तक्रार बंद झाली. मेलेली अँटेना दोन महिने भिंतीवर लटकत राहिली. आणि त्याच ओरडण्यामुळे शेजारच्या डॉकचा माल या चलानवर चढू लागला. २३३ आणि २४६, दोघांचं मूळ एकच.

केबल बदलताना जाडी पाहून घ्या. या फ्रिक्वेन्सीला पातळ केबलच्या १० मीटरमध्ये निम्म्याहून अधिक ताकद मुरते, जाड केबलमध्ये त्याच लांबीला साधारण पाव. रीडर अँटेनाजवळ बसवून नेटवर्कची वायर लांब ठेवणं केव्हाही बरं. पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडून पाहा, हिरवा गंज दिसला की समजा. आणि रीडर नेटवर्कच्या वायरवरूनच वीज घेत असेल तर काही मॉडेल पूर्ण पॉवर देतच नाहीत, वेगळा अडॅप्टर लागतो. बाहेरून आणलेल्या रीडरवर देशाचं सेटिंगही तपासा. अमेरिकेचा पट्टा ९०२ ते ९२८ आहे. इथे तो वापरला तर मोबाईल कंपन्यांच्या ९०० च्या पट्ट्यात घुसखोरी होते. काम चालतंय म्हणून ते चालवून घ्यायचं नाही.

एक सेटिंग असं आहे की त्याला हात लावायला लोक घाबरतात: सेशन, म्हणजे एकदा बोललेल्या टॅगने किती वेळ गप्प राहायचं ते. पंगतीचं उदाहरण घ्या. वाढपी एकच, आणि पुढे बसलेला धष्टपुष्ट पाहुणा दर फेरीला पान पुढे करतो. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत भात पोचतच नाही. सेशन शून्यवर रीडर असाच चालतो, जवळचे दणकट टॅग पुन्हा पुन्हा बोलतात. सेशन एकमध्ये एकदा बोललेला टॅग अर्धा ते पाच सेकंद गप्प बसतो. दोन आणि तीनमध्ये लहरी मिळत आहेत तोवर गप्प राहतो, लहरी थांबल्यावरही किमान दोन सेकंद. गर्दीच्या पॅलेटला म्हणून दोन किंवा तीन बरं. पण खेटून दोन गेट असतील आणि दोघांना एकच सेशन दिलं असेल, तर शेजारच्या गेटने वाचून गप्प केलेला टॅग तुमच्या गेटवर तोंडच उघडत नाही. एका गेटला दोन द्या, दुसऱ्याला तीन. पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी "गूढ" चुका त्यात संपतात.

आता जास्त येणाऱ्या आकड्याकडे. इथेही आधी यादी. आमचे सहा जास्तीचे टॅग काढले, तर पाच शेजारच्या डॉकवर लावून ठेवलेल्या मालाचे होते. सहावा मात्र प्रत्येक चलानवर होता, आठवडाभर तोच नंबर. हँडहेल्डवर तो नंबर टाकून शोधत गेलो. गेटच्याच खांबावर, माणसाच्या उंचीच्या जरा वर, बसवणाऱ्याने चाचणीसाठी चिकटवलेलं लेबल, त्यावर नंतर पिवळा रंग मारलेला. दुसऱ्या एका गोदामात असाच प्रकार कचऱ्याच्या डब्यातून निघाला होता. फेकलेल्या लेबलांचा गोळा गेटपासून दोन मीटरवर पडून होता आणि रोज हजेरी लावत होता. कातरी चालवा म्हटलं ते यासाठी.

शेजारच्या मालासाठी पहिला उपाय रंगाचा डबा. फरशीवर पिवळी रेघ मारायची आणि तिच्या अलीकडे माल ठेवायचा नाही. ती रेघ पाळली जात नाही, हेही सांगून ठेवतो, कारण डॉकवर जागा कुणाकडे असते? म्हणून दुसरा उपाय: अँटेना समोरच्या भिंतीकडे तोंड करून न लावता आत आणि किंचित खाली झुकवायच्या, आणि दोन डॉकच्या मध्ये तारेची बारीक जाळी उभी करायची. तिसरा, गेटच्या तोंडाशी फोटो सेन्सर बसवायचा, म्हणजे पॅलेटने किरण तोडल्यावरच रीडर सुरू होतो. रात्रंदिवस चालू असलेला रीडर दिसेल ते वाचणारच.

तरीही काही उरतात. त्यांच्यासाठी सिग्नलची ताकद वेळेप्रमाणे बघा. गेटमधून जाणाऱ्या टॅगची ताकद चढते, शिखर गाठते, उतरते. ठेवलेल्या मालाची रेघ सपाट असते, फार तर थरथरते. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की टॅग दिसला म्हणजे गेला असं धरू नकोस. एवढं झाल्यावर, अगदी शेवटी, पॉवर हळूहळू खाली आणा. आम्ही तेव्हा पट्टी सरकवली, तीही खाली.

एक तपासणी राहिली, तिचा लहरींशी संबंध नाही. एका चलानवर सात कमी असतील तर आधीच्या चलानवर सात जास्त आहेत का ते पाहा. असतील तर रीडरचं घड्याळ मागे पडलंय. वीज जाऊन आली की काही रीडर जुनीच वेळ धरून बसतात आणि पुढच्या गाडीचा माल मागच्या गाडीच्या खात्यात जातो. रीडर आणि सर्व्हर एकाच टाइम सर्व्हरला जोडले की हा प्रश्न मिटतो.

त्या गोदामात आता कपडे आणि शाम्पू सरळ जातात. तेलाचे डबे अजूनही सगळे वाचले जात नाहीत. ते गेटवर सोपवलेलेच नाहीत, त्यांची पॅलेट वेगळी लागते आणि बारकोडने हाताने स्कॅन होते. मालकाला हे सांगताना मला जरा जड गेलं, त्यांना मात्र काही वाटलं नाही. रोज गाडी अडकण्यापेक्षा दहा मिनिटं स्कॅनिंग बरं, म्हणाले.

खांबावरचं ते पिवळं लेबल काढलं नाही. त्याचा नंबर मोजणीतून वगळला आणि तसंच एकेक लेबल चारही अँटेनांसमोर चिकटवलं. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी सेन्सरची वाट न पाहता रीडर मिनिटभर चालवायचा, प्रत्येक अँटेनाने आपलं लेबल पाहिलंच पाहिजे. न दिसलं तर दादांच्या मोबाईलवर मेसेज जातो. मागच्या महिन्यात दोन नंबरचं दिसलं नाही. दादांनी मला फोन करण्याआधीच कनेक्टर उघडून पाहिला होता.